विश्लेषण : गाडीतून काढलेले काळे ऑइल जाते कुठे?

वंगण तेल विकणाऱ्या कंपन्यांवर १ एप्रिल २०२४ पासून एक नवी जबाबदारी आली आहे. बाजारात जेवढे तेल विकले, त्यातला ठरावीक हिस्सा वापरानंतर पुन्हा गोळा होऊन कामी आला, याचा पुरावा त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा लागतो. पहिल्या वर्षी हा हिस्सा ५ टक्के होता. तो टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत न्यायचा आहे. अधिसूचनेची भाषा जड आहे, पण सगळा प्रश्न गल्लीतल्या गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेल्या २०० लिटरच्या पिंपापाशी येऊन थांबतो. त्या पिंपातले काळे ऑइल शुद्धीकरण कारखान्यात जाणार की एखाद्या भट्टीत जळणार, हे आजवर नियमापेक्षा भावाने ठरवले आहे.

ऑइल ‘जळते’ म्हणजे नेमके काय होते?

मेकॅनिक सांगतो, ‘ऑइल जळालंय, बदलायला लागेल.’ गाडीवाला मान डोलावतो. प्रत्यक्षात इंजिनातले बहुतांश तेल जळालेले नसते. इंजिन ऑइलमध्ये साधारण ७५ ते ९० टक्के वाटा मूळ तेलाचा, म्हणजे बेस ऑइलचा असतो. हे खनिज तेलापासून मिळालेले हायड्रोकार्बन. उरलेला भाग रसायनांचा. त्यात काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, धातूची झीज रोखणारी आणि तापमान बदलले तरी तेलाचा दाटपणा टिकवणारी अशी निरनिराळी रसायने असतात. गाडी काही हजार किलोमीटर धावली की संपत येतात ती ही रसायने. मूळ तेल मात्र बव्हंशी तसेच राहते. त्याचा थोडा भाग उष्णतेने आणि हवेने ऑक्सिडाइझ होऊन आंबतो, एवढेच.

तेल काळे पडते ते काजळीमुळे. यात एक गंमत आहे. चांगले ऑइल लवकर काळे होते, कारण काजळी इंजिनाच्या भिंतींवर बसू न देता स्वतःत तरंगत ठेवणे हेच त्याचे काम आहे. काजळीबरोबर त्यात पाणी येते, न जळलेले पेट्रोल-डिझेल उतरते, झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण मिसळतात. वंगणातल्याच रसायनांतले जस्त आणि फॉस्फरसही त्यात असते. एवढी घाण बाहेर काढली आणि नवी रसायने घातली, तर तेच तेल पुन्हा इंजिनात जाऊ शकते. पुनर्शुद्धीकरणाचा सगळा आधार हाच आहे. पाणी गढूळ झाले म्हणून ते पाणी राहत नाही असे कोणी म्हणत नाही, तेलाचेही तसेच.

जाळले तर बिघडते काय?

आपल्याकडे या तेलाला ‘जळके ऑइल’ म्हणतात आणि त्याचे उपयोग खेड्यापाड्यांत सगळ्यांना पाठ आहेत. सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते फासतात, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या लाकडी खांबांना लावतात, मोटारसायकलच्या चेनवर सोडतात. पण मोठा गिऱ्हाईक असतो तो भट्टीवाला. वापरलेल्या तेलाची उष्णता देण्याची क्षमता फर्नेस ऑइलच्या जवळपास असते आणि किंमत कमी. वीटभट्टी, लहान फाउंड्री, डांबर मिसळणारे प्लांट, जिथे बर्नर आहे तिथे हे तेल खपते.

अडचण धुराची आहे. वापरलेल्या तेलातले धातू जळत नाहीत, राखेच्या बारीक कणांबरोबर हवेत जातात. पेट्रोल इंजिनाच्या तेलात वापरादरम्यान पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे साठत जातात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. तेलात क्लोरीनयुक्त द्रावक मिसळले असेल आणि ज्वाला पुरेशी तप्त नसेल, तर डायऑक्सिन तयार होण्याचा धोका असतो. भारतात २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यानंतर तेलातले शिसे बरेच कमी झाले, हा त्यातल्या त्यात दिलासा. बाकीचे घटक आहेतच.

गटारात ओतले तर आणखी वाईट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्षानुवर्षे वापरलेले एक वाक्य आहे: एका गॅरेजातल्या एका ऑइल-चेंजचे तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. लिटरांत घेतले तरी प्रमाण तेच राहते, एकास दहा लाख. मुंबईत नाला, खाडी आणि समुद्र यांत फारसे अंतर नाही.

जुनी पद्धत मोडीत का काढावी लागली?

वापरलेले तेल शुद्ध करणे ही नवी कल्पना नाही. युद्धकाळातील टंचाईत तर अनेक देशांनी ते केले. भारतातही लहान कारखानदार अनेक वर्षे हे करत होते. पद्धत सोपी आणि स्वस्त होती: तेल तापवून पाणी उडवायचे, त्यात संहत सल्फ्युरिक आम्ल घालायचे, घाण चिकट गोळ्यासारखी खाली बसली की वरचे तेल काढून घ्यायचे आणि रंग-वास घालवण्यासाठी शोषक मातीतून काढायचे. ही माती मुलतानी मातीच्याच कुळातली. ‘ॲसिड-क्ले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला एक टाकी, एक भट्टी आणि चार माणसे पुरत.

पण तळाशी उरणारा आम्लयुक्त डांबरासारखा गाळ कुठे टाकायचा? तो जमिनीत पुरला तर भूजल नासते, जाळला तर गंधकाचा धूर होतो. शिवाय नव्या जमान्याच्या इंजिन ऑइलमध्ये रसायने जास्त, म्हणून आम्लही जास्त लागते आणि गाळही जास्त निघतो. एक घातक कचरा हाताळताना त्याहून वाईट दुसरा कचरा तयार करणारा हा उद्योग होता. अखेर घातक कचऱ्याच्या नियमांत ‘पर्यावरणदृष्ट्या योग्य’ तंत्रज्ञानांची नावेच लिहिली गेली: निर्वात ऊर्ध्वपातन आणि त्यानंतर मातीची प्रक्रिया, निर्वात ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजन प्रक्रिया, पातळ थरातील बाष्पीभवन. ॲसिड-क्लेला त्यात जागा नव्हती. भांडवल नसलेल्या लहान कारखान्यांना हा मोठा फटका होता, हेही मान्य करायला हवे. काही बंद पडले आणि काही परवान्याच्या चौकटीबाहेर गेले.

आता तेल शुद्ध कसे होते?

आलेला टँकर आधी प्रयोगशाळेच्या नमुन्यासाठी थांबतो. पाणी किती, क्लोरीन किती, धातू किती हे पाहिल्याशिवाय तेल टाकीत घेत नाहीत. कोणी त्यात ब्रेक ऑइल, थिनर किंवा ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल मिसळले असेल, तर टँकरभर माल वाया जाऊ शकतो.

तेल गाळून तापवले जाते. पहिल्या टप्प्यात पाणी उडते. मग तेलात उतरलेले पेट्रोल-डिझेलसारखे हलके इंधन वेगळे होते. ते बहुधा कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळते. खरी कसोटी पुढे आहे. वंगण तेल साध्या हवेच्या दाबाखाली उकळायला घेतले, तर उकळण्याआधीच त्याचे रेणू उष्णतेने तुटू लागतात. म्हणून टाकीतली हवा पंपाने ओढून घेतात. उंच डोंगरावर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते, हे हिमालयात चहा केलेल्यांना ठाऊक असते. तत्त्व तेच. दाब अगदी खाली आणला की तेलाची वाफ कमी तापमानाला होते आणि रेणू शाबूत राहतात.

पातळ थराच्या बाष्पीभवन यंत्रात याहून एक पाऊल पुढे जातात. उभ्या, तापलेल्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर फिरती पाती तेलाचा धिरड्यासारखा पातळ थर पसरत राहतात. तेल भिंतीला जेमतेम काही सेकंद लागते, तेवढ्यात त्याची वाफ होते आणि ती थंड करून गोळा केली जाते. खाली घरंगळत जाते ती घाण: काजळी, धातू, जुनी रसायने. हा काळा अवशेष डांबरात किंवा छताच्या वॉटरप्रूफिंगच्या मालात वापरला जातो. मात्र रस्त्याच्या डांबरात तो जास्त घातला तर रस्ता लवकर भेगाळतो, अशी तक्रार उत्तर अमेरिकेत झाली आणि तिथल्या काही राज्यांनी त्यावर बंधने घातली.

थंड होऊन जमलेले तेल आता सोनेरी-तपकिरी दिसते, पण त्याला वास असतो आणि काही नकोशी संयुगे असतात. मातीची प्रक्रिया स्वस्त पडते, पण वापरून झालेली तेलकट माती पुन्हा घातक कचऱ्यातच मोडते. हायड्रोजनची प्रक्रिया महाग असते. तिला उच्च दाब, तीनशे अंशांच्या आसपासचे तापमान, उत्प्रेरक आणि हायड्रोजनचा पुरवठा लागतो. तिचा निकाल मात्र वेगळाच. गंधक, क्लोरीन आणि ती कर्करोगकारक संयुगे जवळपास निघून जातात आणि तेल पाण्यासारखे स्वच्छ होते. चांगल्या कारखान्यातून निघालेले असे बेस ऑइल ‘ग्रुप-टू’ दर्जाला पोचते, म्हणजे किमान ९० टक्के संतृप्त हायड्रोकार्बन आणि ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त गंधक नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांचे ऑइल याच दर्जाच्या बेस ऑइलपासून बनते.

न्हावा शेवाचे १३३ कंटेनर

नियमांत ‘वापरलेले तेल’ आणि ‘टाकाऊ तेल’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि फरक केवळ शब्दांचा नाही. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक यंत्रे यांतून निघालेले आणि ठरवून दिलेल्या मर्यादांत बसणारे ते वापरलेले तेल. शिसे १०० पीपीएमपर्यंत, पीसीबी हे विषारी रसायन २ पीपीएमच्या आत, अशा त्या मर्यादा आहेत. असे तेल पुनर्शुद्धीकरणाला योग्य. टाक्यांच्या तळाचा गाळ, जहाजांतून आणि रिफायनऱ्यांतून निघणारे पाणीमिश्रित तेल, सांडलेले तेल हे टाकाऊ. ते फार तर प्रक्रिया करून ठरावीक भट्ट्यांत इंधन म्हणून वापरता येते आणि त्याच्या आयातीवर बंदी आहे.

हा फरक पुसला की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. न्हावा शेवा बंदरात १३३ कंटेनर अडकून पडले होते. कागदोपत्री त्यात वंगण तेल होते. तपासणीत निघाले टाकाऊ तेल. आयातदार १५ होते. घातक कचऱ्यासंबंधीच्या जुन्या जनहित याचिकेत हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल देखरेखीखाली भस्मीकरण यंत्रात नष्ट करण्याचा आदेश दिला. खर्च आयातदारांकडून, कारण प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची हे तत्त्व. श्रीमंत देशांना नको असलेले तेल ‘पुनर्वापरासाठी’ या गोंडस नावाखाली इकडे येऊ शकते, हे त्या प्रकरणाने ठळकपणे दाखवून दिले.

मग खरी अडचण कुठे आहे?

तंत्रज्ञान आहे, नियम आहेत. मोठ्या कारखान्यांची स्थितीही त्यातल्या त्यात बरी आहे. कारखान्याच्या गेटवरच्या फलकावर घातक कचऱ्याच्या यादीत ‘५.१’ हा क्रमांक दिसला, तर तो वापरलेल्या तेलाचा असतो. असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तो अधिकृत पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावा लागतो, टँकरबरोबर मॅनिफेस्ट म्हणजे ठरावीक नमुन्यातील पावती जाते आणि वर्षाचा हिशेब प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरावा लागतो.

विस्कटते ते गल्लीत. दुचाकीतून एका वेळी लिटरभर, मोटारीतून तीन-चार लिटर, ट्रॅक्टर-ट्रकमधून त्याहून जास्त तेल निघते आणि ते असंख्य लहान गॅरेजांत विखुरलेले असते. पिंप भरले की भंगारवाला येतो, रोख पैसे मोजतो आणि घेऊन जातो. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने हा कचरा नाहीच, वरकमाई आहे. भंगारवाला ते कोणाला विकतो, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नाही.

आता खरेदीदारांची तुलना करा. भट्टीवाल्याला प्रयोगशाळा नको, निर्वात पंप नको, सांडपाणी प्रक्रिया नको. त्याला फक्त बर्नर हवा. त्यामुळे तो दोन रुपये जास्त देऊ शकतो. पुनर्शुद्धीकरण कारखान्याने कोट्यवधींची यंत्रे उभारलेली असतात, पण ती चालवायला पुरेसे तेल मिळत नाही. मिळते ते महाग आणि कधी भेसळीचे. कच्च्या तेलाचे भाव पडले की नवे बेस ऑइल स्वस्त होते आणि शुद्ध केलेल्या तेलाचा नफा आटतो. भाव चढले की भट्टीवाला आणखी जास्त देऊन तेल उचलतो. कारखानदार दोन्हीकडून कात्रीत सापडतो.

इटलीला कसे जमले?

इटलीने १९८० च्या दशकात यावर एक रोखठोक उपाय काढला. वापरलेल्या तेलासाठी एक सक्तीचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. वंगण विकणाऱ्या कंपन्या दर किलोमागे त्याला वर्गणी देतात. त्या पैशावर परवानाधारक गाड्या गॅरेज-कारखान्यांतून तेल फुकट उचलतात. गॅरेजवाल्याला देणे नाही, घेणेही नाही. आज तिथे गोळा होण्याजोगे जवळपास सगळे तेल गोळा होते आणि त्यातले बहुतेक पुन्हा वंगण बनते. अमेरिकेने मागणीच्या बाजूने प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये काढलेल्या आदेशात सरकारी खात्यांच्या हरित खरेदीत पुनर्शुद्ध वंगणाचा समावेश होता.

भारतातील नवा नियम भाव बदलेल का?

‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणजे ईपीआर. सप्टेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या या व्यवस्थेत उत्पादक, तेल गोळा करणारे आणि पुनर्प्रक्रिया करणारे, सगळ्यांची नोंदणी केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर होते. कारखाना जेवढे तेल हाताळतो, तेवढी प्रमाणपत्रे त्याला मिळतात. वंगण कंपनी ती विकत घेऊन आपले लक्ष्य पुरे करते. म्हणजे कारखान्याला तेलाच्या विक्रीबरोबर प्रमाणपत्राचेही पैसे मिळतात आणि त्या बळावर तो भंगारवाल्याला भट्टीवाल्यापेक्षा चढा भाव देऊ शकतो. निदान अपेक्षा तशी आहे.

शंका दोन आहेत. पहिली, प्रमाणपत्राला तेलाइतकाच भक्कम पुरावा लागेल. प्लास्टिकच्या ईपीआर व्यवस्थेत सहा लाखांहून अधिक बोगस प्रमाणपत्रे केंद्रीय मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये उघड झाली आणि त्यात महाराष्ट्रातील कंपनीही होती. तेलाचे लिटर प्लास्टिकच्या किलोपेक्षा मोजायला सोपे, पण पावती खोटी करायला तितकेच सोपे. कारखान्याचे वीजबिल, निघालेला अवशेष आणि विकलेले बेस ऑइल यांचा मेळ घातला तरच थाप पकडता येते. दुसरी शंका भंगारवाल्याची. पिंप उचलणारा माणूस आजही तोच आहे. त्याला नोंदणीकृत संकलक करून घेतले नाही आणि फक्त बेकायदा ठरवले, तर तेल आणखी अंधारात जाईल. गॅरेजमधून पिंपे नेणारी त्याची गाडी ज्या गल्ल्यांत शिरते, तिथे कारखान्याचा टँकर शिरत नाही.

शुद्ध केलेले ऑइल गाडीत घालावे का?

वाचकाला खरे तर हाच प्रश्न पडतो. उत्तर असे, की मूळ तेल जमिनीतून आले की वापरलेल्या तेलातून, यापेक्षा ते दर्जाच्या चाचणीत उतरते का हे महत्त्वाचे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रासाठी दोन्हींना एकच कसोटी आहे. डब्यावर एपीआयचा दर्जा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, जुळत असेल तर पुनर्शुद्ध तेलाने इंजिन बिघडण्याचे कारण नाही.

याच संदर्भात एक आकडेवारी नेहमी दिली जाते. सुमारे २.४ लिटर वंगण बनवायला १५९ लिटर कच्चे तेल लागते, पण वापरलेले तेल अवघे ३.८ लिटर पुरते. आकडा खरा आहे, मात्र थोडा फसवा. त्या १५९ लिटरमधून पेट्रोल, डिझेल, गॅसही निघतो. बाकीचे काही वाया जात नाही. तरीही कच्च्या तेलाची गरज बव्हंशी आयातीने भागवणाऱ्या देशाला, एकदा आणलेले तेल दोन-चार वेळा वापरता येणे लहानसहान गोष्ट नाही.

भीती बाळगायची ती वेगळ्याच तेलाची. काळे ऑइल कापडातून गाळायचे, मातीने रंग उजळायचा, थोडा रंग टाकायचा आणि नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकायचे, हा धंदा जुना आहे. त्यात ऊर्ध्वपातन नाही आणि नवी रसायनेही नाहीत. काजळी आणि आम्ल तसेच. असे तेल इंजिनाची वाट लावते आणि दोष मात्र ‘रिसायकल’ ऑइलच्या माथी येतो. म्हणून सर्व्हिसिंगला गेल्यावर नवा डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा, ऑइल ओतून झाल्यावर त्याला भोक पाडावे आणि झाकण-लेबल फाडून टाकावे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी जुने तेल ब्रेक ऑइल किंवा कूलंटमध्ये न मिसळता झाकणाच्या स्वच्छ कॅनमध्ये भरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावे. जुना फिल्टरही बरोबर न्यावा. त्यात बरेच तेल अडकून राहिलेले असते.